फॉल आणि हॅलोविन : आजी-आजोबा आणि नातवंडं मिळून काय काय करता येईल?

पारिजात | ८ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये माझे आई-बाबा सांगलीजवळच्या आमच्या गावाहून न्यू जर्सीला आले आहेत. याआधी एकदा आले होते ते ऐन उन्हाळ्यात, त्यामुळे इथला फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू, त्यांनी पाहिलेलाच नाही. परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेरचं आहे. म्हणजे पानं रंगायला लागल्यापासून ती गळून अंगण भरेपर्यंत दोघंही इथेच. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार.

दरवर्षी आमचं ठरलेलं असतं. एकदा सफरचंदं तोडायला जायचं, एकदा भोपळे आणायचे आणि ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, वेश केलेल्या मुलांना घेऊन खाऊ मागत गल्लीत घरोघर फिरायचं. या वेळी आई-बाबांनी नुसतं गाडीत मागे बसून सगळं बघावं असं मला वाटत नाही. त्यांचे हात त्यात गुंतले पाहिजेत. मागच्या खेपेला आम्ही त्यांना नायगारा दाखवला, न्यूयॉर्क दाखवलं, आणि गावी परतल्यावर बाबा भेटेल त्याला सांगत होते ते आमच्या मागच्या अंगणात त्यांनी स्वतः लावलेल्या टोमॅटोंबद्दल! तेव्हाच मला कळलं की त्यांना काय आवडतं.

अडचणी अशा : बाबांचा उजवा गुडघा धरतो, काठी लागते, फार चालवत नाही. आई अंडं खात नाही. शिवाय शेजाऱ्यांनी आत्तापासूनच दारात सांगाडा टांगलाय, तो बघून ती म्हणाली, "तिन्हीसांजेला नको गं बाई असलं काही डोळ्यांसमोर." धाकटाही भित्रा आहे.

तुम्ही तुमच्याकडे काय काय केलंत, काय जमलं, काय फसलं, सगळं सविस्तर लिहा. जागा सुचवल्यात तर उत्तमच, पण घरी करण्यासारखंही हवंय.

खारूताई | ८ सप्टेंबर २०२५

मस्त धागा. सफरचंदांपासूनच सुरुवात करा, उशीर करू नका. आम्ही हडसन व्हॅलीजवळ राहतो आणि दर सप्टेंबरला सासूबाईंना घेऊन जातो. आता गाला, मॅकिंटॉश, हनीक्रिस्प या जाती मिळतील. फुजी हवी असतील तर ऑक्टोबरचा मध्य उलटू द्या.

गुडघ्याची काळजी नको. आजकालच्या बहुतेक बागांमध्ये झाडं बुटकी असतात, फळं कमरेपासून हाताच्या उंचीपर्यंत लगडलेली. सासूबाई तर एक घडीची खुर्ची झाडाखाली मांडून बसल्या बसल्या तोडतात. फक्त शनिवार-रविवार टाळा. मुलांची शाळा सुटल्यावर मधल्या वारी गेलात तर बाग तुमचीच. बूट जुने घाला, गवत ओलं असतं. आणि स्वच्छतागृह म्हणजे बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची उभी खोकी असतात, तेव्हा ज्येष्ठांना घरूनच जाऊन यायला सांगा. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतेय.

तोडायची रीत मुलांना आधीच शिकवा. फळ ओढायचं नाही. तळव्यात धरायचं, वर उचलायचं आणि हलका पीळ द्यायचा. तयार असेल तर देठासकट हातात येतं. ओढलंत तर ज्या आखूड फाट्यावर पुढच्या वर्षीचं फळ धरणार तोच मोडतो. तुमच्या बाबांना हे सांगावं लागणार नाही बहुधा.

पिशवी लहान घ्या. एक पेक म्हणजे साधारण दहा पौंड, साडेचार किलो धरा. बुशेल म्हणजे त्याच्या चौपट. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने बुशेल आणलं आणि महिनाभर घरात दुसरं फळ आलं नाही. मॅकिंटॉश शिजवली की गाळ होतो, त्याचा सॉस करा. कोर्टलँड कापल्यावर लवकर काळं पडत नाही, ते डब्यात द्यायला बरं. साखरांब्याला मात्र आंबट आणि टणक फळ घ्या, ग्रॅनी स्मिथसारखं. किसून, लवंग-वेलदोडा घालून.

आणि हो, तिथले सायडर (सफरचंदाचा रस) घालून केलेले गरम डोनट सगळ्यांना आवडतात, पण त्यात बहुधा अंडं असतं. आईंसाठी विचारून घ्या.

निनाद | ९ सप्टेंबर २०२५

+१. घडीची खुर्ची हा सोन्यासारखा सल्ला आहे. आम्ही आता कुठेही जाताना एक गाडीत टाकूनच ठेवतो.

वनस्पती | १० सप्टेंबर २०२५

मी शाळेत शास्त्र शिकवते, त्यामुळे पानांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या लेकीसाठी आहे हे.

पानं पिवळी "होत" नाहीत. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्या रंगद्रव्याखाली झाकलेला. दिवस लहान व्हायला लागले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं, असलेलं विरून जातं आणि खालचा पिवळा-केशरी वर येतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो बराचसा त्याच वेळी नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण हिम नाही, असं आठ-दहा दिवस मिळालं की मेपल पेटल्यासारखे दिसतात.

घरी करून बघा. हिरव्या पानांचे बारीक तुकडे करून एका पेल्यात टाका, वर रबिंग अल्कोहोल (औषधांच्या दुकानात मिळणारं स्पिरिट) ओता, आणि तो पेला गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवा. शेगडीवर मात्र अजिबात ठेवू नका, अल्कोहोल पेट घेतं. मग कॉफी फिल्टरच्या कागदाची पट्टी त्यात उभी धरा. तासाभरात हिरव्या पट्ट्याशेजारी पिवळा पट्टा उमटलेला दिसतो. माझ्या वर्गात दरवर्षी त्या क्षणाला मुलं ओरडतात.

दुसरं, दसऱ्याचं. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. आपट्याची पानं इथे कुठली, असं सगळे म्हणतात. पण तुमच्या भागात रेडबड नावाचं झाड रस्तोरस्ती लावलेलं असतं, वसंतात पानांआधी गुलाबी फुलांनी भरतं ते. रेडबड आणि आपटा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच उपकुळातले आहेत. आपट्याचं पान मधे दुभंगलेलं असतं, रेडबडचं अखंड बदामासारखं. नात्याने चुलत भावंडं. फॉलमध्ये ते पिवळं धमक होतं. आम्ही गेली सहा वर्षं त्याचंच सोनं वाटतो, आणि मुलांना दोन्ही पानांचं चित्र काढून दाखवते.

पारिजात | १० सप्टेंबर २०२५

वनस्पती, आमच्या कोपऱ्यावरच रेडबड आहे! तीन वर्षं रोज त्याच्यासमोरून जातेय. बाबांना वाचून दाखवलं, ते लगेच काठी घेऊन बघायला गेले.

गोदाकाठ | १२ सप्टेंबर २०२५

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. सफरचंदं, पानं, सगळं छान. पण हॅलोविन आपल्या मुलांनी का साजरं करायचं? भुतं, रक्त, कवट्या. आपल्याकडे नवरात्र, भोंडला, कोजागिरी, दिवाळी सगळं याच दोन महिन्यांत असताना त्यातच मुलांना रमवलं तर काय बिघडलं? इथल्या मुलांना भोंडल्याचा हत्ती माहीत नसतो आणि चेटकिणीची टोपी माहीत असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माईआजी | १३ सप्टेंबर २०२५

गोदाकाठ, तुमची तळमळ पोचली. मी सत्तरीची आहे, मुलाकडे ओहायोला असते, आणि पहिल्या वर्षी मलाही अगदी असंच वाटलं होतं.

मग नातीच्या शाळेसाठी मी तिच्यासोबत वाचायला बसले. आयर्लंड-स्कॉटलंडकडचा जुना सण आहे हा मुळात. पीक घरात आलं, आता अंधाराचे दिवस सुरू, आणि या संधीच्या रात्री गेलेली माणसं जवळ येतात अशी त्यांची समजूत होती. पुढे चर्चने १ नोव्हेंबर संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा दिवस ठरवला. त्याची आदली रात्र म्हणजे ही ३१ तारीख. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक दुष्काळामुळे अमेरिकेत आले आणि सण बरोबर घेऊन आले. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. इथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा.

आता बघा, आज आपला पितृपक्षच चालू आहे. आपणही याच दिवसांत गेलेल्यांची आठवण काढतो, पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो. मी सर्वपित्रीला नातीला तिच्या पणजीचे फोटो दाखवते. हॅलोविनला तिच्यासोबत भोपळा कोरते. भोंडलाही करते, अंगणात पाटावर हत्ती काढून, आणि खिरापत ओळखायला शेजारच्या अमेरिकन मुली येतात. एकाने दुसरं पुसलं जात नाही हो. पुसलं जातं ते आपण करायचं सोडलं की.

रक्तबंबाळ सजावट मला आजही आवडत नाही. ती आम्ही करत नाही.

शणै_टोरांटो | १३ सप्टेंबर २०२५

माईआजींना अनुमोदन. मी मूळ गोव्याचा. तिथे आमचे ख्रिस्ती शेजारी २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांची थडगी साफ करून फुलं वाहायचे, मेणबत्त्या लावायचे. लहानपणी कुंपणाबाहेरून पाहिलेले ते शेकडो मिणमिणते दिवे अजून डोळ्यांसमोर आहेत. भीती अशी कधी वाटलीच नाही.

गोदाकाठ | १४ सप्टेंबर २०२५

माईआजी, हे असं जोडून कधी पाहिलं नव्हतं. भोंडल्याचं मनावर घेतो. यंदा आमच्या इथे २७ तारखेच्या शनिवारी करायचं ठरवतोय.

बॉस्टनकर | १८ सप्टेंबर २०२५

पारिजात, ड्राइव्ह करायची तयारी असेल तर न्यू हॅम्पशायरचा कँकमॅगस रस्ता आहे, लिंकन ते कॉनवे, साधारण ३४ मैल. गाडीतूनच सगळं दिसतं. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जा. पण तुमच्याच राज्यात हाय पॉइंट आहे, न्यू जर्सीतलं सर्वांत उंच ठिकाण, १,८०३ फूट. गाडी वरपर्यंत जाते आणि तीन राज्यं दिसतात. गुडघेवाल्यांसाठी याहून सोयीचं काही नाही.

मला मुख्य लिहायचंय ते आमच्या बॉस्टनजवळच्या सेलम गावाबद्दल, कारण बरेच जण विचारतात. ऑक्टोबरात तिथे मुंगी शिरायला जागा नसते. गाडी नेऊ नका, बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल घ्या. रस्ते चेटकिणींच्या टोप्यांनी भरलेले असतात, मुलांना मजा येते, ठीक आहे.

पण नऊ वर्षांचं मूल असेल तर त्याला त्या गर्दीतून बाजूला काढून स्मारकापाशी न्या. १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे एकोणीस जणांना फाशी दिलं, आणि एका वृद्ध माणसाने आरोपाला उत्तर द्यायला नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारलं. कुणीही चेटकीण नव्हतं. १९९२ मध्ये, तीनशे वर्षांनी, जुन्या दफनभूमीला लागून स्मारक बांधलं. दगडी भिंतीतून बाहेर आलेले वीस बाक आहेत, एकेका माणसाचं नाव कोरलेले. आत शिरताना पायाखालच्या दगडावर त्यांनी निर्दोष असल्याचं सांगितलेले शब्द आहेत, आणि ते शब्द वाक्याच्या मधेच भिंतीखाली जाऊन तुटतात.

माझी मुलगी दहा वर्षांची होती. तिने बोटाने ती अक्षरं भिंतीपर्यंत गिरवली आणि विचारलं, "बाबा, पुढचं कुणी ऐकलंच नाही का?" आम्ही तिथे अर्धा तास बसलो. आपल्याकडेही बायकांना चेटकीण ठरवून मारलं गेलंय, महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे सगळं मी तिला त्या बाकावर सांगितलं. धाकट्याला मात्र नेऊ नका, त्याचं वय नाही ते.

चिंगी | १९ सप्टेंबर २०२५

बॉस्टनकर, काटा आला वाचताना. आम्ही तीनदा सेलमला गेलो आणि ते स्मारक बघितलंच नाही. या वर्षी नक्की.

पारिजात | ८ ऑक्टोबर २०२५

उशीर झाला लिहायला. भोंडला, दसरा, कोजागिरी, ओळीने सगळं होतं. कोजागिरीला यंदा इथल्या हार्वेस्ट मूनचीच, म्हणजे सुगीच्या चंद्राची, पौर्णिमा होती, ६ तारखेला. अंगणात चादर घालून मसाला दूध प्यायलो, शेजारचं जोडपंही आलं. आणि रेडबडचं सोनं वाटलं! अर्धी पानं अजून हिरवीच होती, लेकीने निवडून पिवळी वेचली.

पण सांगायचंय ते रविवारचं. भोपळ्यांच्या शेतावर गेलो. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाड्यात गवताच्या गाठींवर बसून शेतात नेतात. चढायला पायरी होती, बाबा नीट चढले. मक्याच्या शेतात भुलभुलैया केला होता. मुलं आत पळाली. बाबा कडेलाच उभे राहिले आणि एक ताट हातात धरून पानं बघायला लागले. मला वाटलं कंटाळले. तर म्हणाले, "मका एवढा वाळेपर्यंत उभा ठेवलाय, कणसंही लटकतायत. वैरण म्हणून काढणार का पुढे?" तिथला शेतमालक जवळच होता, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, हॅलोविन झालं की दाणे यंत्राने काढून घेतो आणि ताटं जमिनीतच मिसळतो. पुढची वीस मिनिटं बाबा आणि तो बोलत होते, मी मधे दुभाषी. पाऊस किती, खत कुठलं, रानडुकरं येतात का. इथे हरणं येतात म्हणाला. बाबांनी मान हलवली, दुःख तेच.

बाहेर दुकानात मक्याच्या ताटांच्या पेंढ्या विकायला होत्या, दाराला बांधायला. बाबा थबकलेच. "कडबा! दारात लावायला विकत घेतात?" मग त्यांनी एक पेंढी उचलून बघितली आणि म्हणाले, सुतळी ढिली आहे, घरी जाईपर्यंत सुटेल. तिथेच खाली टेकून त्यांनी दोन ओली ताटं काढली, पायाने दाबून पीळ दिला आणि त्याच ताटांच्या बंधाने पेंढी आवळली. लेक तोंडाचा आ करून बघत होती. तिला कधी माहीत नव्हतं की आजोबांना हे येतं. मलाही विसरायला झालं होतं.

आता आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन पेंढ्या उभ्या आहेत. दुसरी तिने बांधलीय. वसुबारसेला त्याच्याच खाली आईने गाय-वासराची रांगोळी काढायचं ठरवलंय.

खारूताई | ८ ऑक्टोबर २०२५

बाबांना नमस्कार सांगा माझा. त्या पेंढ्या नंतर फेकू नका, दिवाळीच्या किल्ल्याला वापरा. आम्ही गवताच्या गाठीवर माती लिंपून किल्ला करतो, आतून पोकळ राहिला तरी ढासळत नाही.

आणि एक सूचना : पानांचे ढीग करून मुलं त्यात उड्या मारतील, मारू द्या. घरात आल्यावर मात्र गुडघ्यांमागे, काखेत, केसांत गोचीड बघा. आपल्या भागात लाइम नावाचा आजार त्यांच्यामुळेच होतो आणि फॉलमध्येही त्या चावतात.

मिहिका | १० ऑक्टोबर २०२५

भोपळा कोरायला घेतला की खाली पडतो, आतून काळा पडतो, खारी कुरतडतात. मला कधीच जमत नाही. कुणीतरी नीट सांगा. आणि आतला गर भाजीला वापरता येतो का?

वनस्पती | १० ऑक्टोबर २०२५

झाकण कापताना सुरी तिरकी, आतल्या बाजूला झुकवून धरा, म्हणजे झाकण वर टेकून राहतं, आत पडत नाही. मोठ्या डावाने आतून खरवडा, जिथे चेहरा कोरायचाय तिथली भिंत बोटभर जाडीची होईपर्यंत. सुरीपेक्षा दुकानात मिळते ती छोटी करवत बरी. चौदा-पंधरा दिवस आधी कोरू नका, गरम दिवस असले तर चार-पाच दिवसांतच बुरशी धरते. आम्ही २७-२८ तारखेला कोरतो.

भाजीचं : कोरायचा भोपळा पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो. आपलं डांगर ज्या जातीचं आहे त्याच जातीतला बटरनट, किंवा चपटा चीज पम्पकिन घ्या. चव अगदी घरची. कोरायच्या भोपळ्याच्या बिया मात्र धुऊन, सुकवून, मीठ-हळद-तिखट लावून भाजा. त्या उत्तम लागतात.

बे_एरियाकर | ११ ऑक्टोबर २०२५

कॅलिफोर्नियात कुणी असेल तर हाफ मून बेला मोठ्या भोपळ्यांची वजनाची स्पर्धा असते, ऑक्टोबरच्या मध्यावर. २०२३ मध्ये मिनेसोटाहून ट्रकने आणलेला भोपळा २,७४९ पौंड भरला, साडेबाराशे किलोच्या आसपास. तेव्हाचा जागतिक विक्रम. माझ्या वडिलांनी त्याच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो नाशिकच्या घरात हॉलमध्ये लावलाय.

ओवीची_आई | १५ ऑक्टोबर २०२५

एक कळकळीची विनंती करायला लिहितेय. माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. तीन वर्षांची असताना एका घरी तिला हातात चॉकलेट मिळालं, मी वळेपर्यंत तिने उघडलं होतं. त्या रात्रीनंतर दोन वर्षं आम्ही हॅलोविनला घरातले दिवे बंद करून बसलो. ती खिडकीतून बाकीच्या मुलांना बघायची.

मग टील पम्पकिनबद्दल कळलं. दारात मोरपिशी-निळसर रंगाचा भोपळा ठेवला की त्याचा अर्थ असा की या घरी खाऊऐवजी दुसरं काहीतरीही मिळेल. टेनेसीतल्या ॲलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांनी सुरू केलेली ही कल्पना, २०१४ पासून देशभर पसरली. स्टिकर, छोट्या पेन्सिली, फुगे, अंधारात चमकणारी कडी, काहीही चालतं. पाच-सात डॉलरचा खर्च. चॉकलेटंही ठेवाच, फक्त दोन भांडी वेगळी ठेवा.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत असे तीन भोपळे होते. ओवी त्या तिन्ही घरी दोनदोनदा जाऊन आली.

पारिजात | १५ ऑक्टोबर २०२५

ओवीची आई, आमच्या दारात चौथा समजा. आजच रंग आणते.

निनाद | १६ ऑक्टोबर २०२५

याला जोडूनच, शाकाहारी घरांसाठी. गमी बेअर, मार्शमेलो, कँडी कॉर्न, स्टारबर्स्ट यांत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात. स्निकर्स आणि मिल्की वेमध्ये अंड्याचा पांढरा असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. छोट्या पुडीवर बरेचदा घटक लिहिलेले नसतात, मोठ्या पिशवीवर असतात. आम्ही घरी आधीच चालणारी चॉकलेटं आणून ठेवतो. मुलं परत आली की न चालणारी मोजून देतात आणि तेवढीच बदलून घेतात. रडारड होत नाही.

आणि धाकट्यांना उजेडातच फिरवून आणा. ३१ तारखेला तुमच्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, पाचला निघा. ज्या घराचा बाहेरचा दिवा बंद असेल तिथे जायचं नाही, ही इथली रीत मुलांना सांगून ठेवा. काळोख झाल्यावर कपड्यांना चमकती पट्टी लावा आणि हातात टॉर्च असू द्या. गाड्यांची भीती भुतांपेक्षा खरी आहे.

पारिजात | २ नोव्हेंबर २०२५

मंडळी, झालं हॅलोविन. शुक्रवारची संध्याकाळ होती. सविस्तर लिहिते.

वेशांचं ठरत नव्हतं. धाकट्याला भोपळाच व्हायचं होतं. तेव्हा आई सहज म्हणाली, "मग ताईला म्हातारी करा." म्हातारी लेकीकडे जाते, वाटेत कोल्हा-वाघ भेटतात, आणि परत येताना भोपळ्यात बसून येते, ती आपली गोष्ट. आई ती रोज रात्री दोघांना सांगतेय गेले दोन महिने. लेकीने तिथल्या तिथे होकार दिला.

आईने माझ्या जुन्या केशरी ओढणीचे उभे पट्टे शिवून, कमरेला आणि गळ्याला नाडी घालून पोतं केलं आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरले. हिरव्या लोकरीचं देठ विणून कानटोपीवर लावलं, म्हणजे थंडीचीही सोय झाली. लेकीला आपली सुती साडी नऊवारीसारखी कासोटा घालून नेसवली, आत थर्मल. केसांना पावडर. काठी बाबांची, खरी. तिने ती धरून कमरेत वाकून चालायचा इतका सराव केला होता की पहिल्याच घरी दार उघडणाऱ्या बाईंनी विचारलं, तू कोण आहेस? आणि माझ्या मुलीने त्यांना इंग्रजीत अख्खी गोष्ट सांगितली. दुसऱ्या घरी पण. सातव्या घरापर्यंत मागे सहा-सात मुलं गोष्ट ऐकत फिरत होती, आणि भोपळा मधे उड्या मारत होता.

काठी नातीकडे, म्हणून बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर भांडं घेऊन. वारा भणाणत होता, कोरलेल्या भोपळ्यातला दिवा दोनदा विझला, शेवटी बॅटरीचा ठेवला. वर आमचा दिवाळीचा आकाशकंदील होताच, तुळशीच्या लग्नापर्यंत काढायचा नाही म्हणून. बाबांनी प्रत्येक मुलाला नाव विचारलं, आणि मग चॉकलेट. घाईने हात घालणाऱ्यांनाही. एक मुलगा दुसऱ्यांदा आला तर त्याला नावाने हाक मारली!

आई दाराआड होती. साडेसहाच्या सुमाराला एक अगदी लहान पोर, सांगाड्याचा वेश, आमच्या पायरीवर धडपडलं आणि भोकाड पसरलं. त्याची आई मागे गाडीशी होती. आमची आई धावत बाहेर आली, त्याला उचलून कडेवर घेतलं, गुडघा चोळून दिला, "नाही रे नाही रे, काही नाही झालं" म्हणत. त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग ती आत गेलीच नाही. बाबांच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली.

रात्री झोपताना धाकट्याने विचारलं, "आजी, तू पण तुझ्या मुलीकडेच आलीयेस ना?" आई हो म्हणाली. "मग जाताना मी माझा भोपळा देईन तुला. विमानात बसेल का बघ." तो अजून तिच्या बॅगेशेजारी ठेवलाय त्याने.

ओवीची आई, टील भोपळा बघून एक आई रस्ता ओलांडून मुद्दाम आभार मानायला आली. बॉस्टनकर, सेलमला लेकीला पुढच्या वर्षी नेणार.

माईआजी | २ नोव्हेंबर २०२५

डोळे भरून आले गं. तुझ्या आईला सांग, माझ्याकडूनही एक घट्ट मिठी. आणि त्या चीज पम्पकिनचं काय केलंत? घारगे केले असतील तर प्रमाण दे, माझे हल्ली फार तेल पितात.

पारिजात | ३ नोव्हेंबर २०२५

माईआजी, केले ना! आई शेजारी बसून सांगतेय तसं लिहिते. दोन वाट्या भोपळ्याचा कीस, एक वाटी चिरलेला गूळ. चमचाभर तुपावर कीस परतायचा, मऊ झाला की गूळ घालायचा, विरघळला की लगेच उतरवायचं, आटवत बसायचं नाही. पूर्ण गार होऊ द्यायचं. मग मीठ, वेलदोडा, दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. पाणी एक थेंबही नाही. घट्ट मळायचं, तासभर झाकून ठेवायचं, आणि पुरीपेक्षा जाड थापून मध्यम आचेवर तळायचं. तेल पितात ते पीठ सैल झाल्यामुळे, असं आई म्हणतेय. कीस गरम असताना कणीक घातली की हमखास सैल होतं.